परत पाठवलेल्यांचा रकाना

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कारागृहाचे अधीक्षक साहेब. वाट वाकडी करून आलेल्या, विद्यापीठाच्या फौजदारी न्याय विभागाच्या प्रमुख आणि माझ्या मार्गदर्शक मॅडम. व्यासपीठावरचे इतर मान्यवर. शिपायापासून जेलरपर्यंतचे माझे सगळे सहकारी. आणि मागच्या दोन रांगांत चुळबुळ करत बसलेले माझे वर्गमित्र, ज्यांचं सरासरी वय बावीस आहे आणि जे मला काका म्हणतात.

सत्काराला उत्तर द्यायचं असतं म्हणे. मी सव्वीस वर्षं मुलाखतीच्या खिडकीवर, म्हणजे बंद्यांना भेटायला येणाऱ्यांसमोर बसलो. तिथं उत्तरं समोरच्यानं द्यायची असतात. नाव काय, नातं काय, कागद कुठे, एवढंच मी विचारत आलो. तेव्हा बोलण्याची सवय नाही, सांभाळून घ्या.

साहेबांनी आत्ता सांगितलं, की निवृत्तीच्या उंबरठ्यावर एम. ए. झालेला हा इथला पहिलाच कारकून, आणि याचं कारण ज्ञानाची ओढ. आता जाता जाता साहेबांसमोर खोटं कशाला बोलू? कारण एवढंच, की माझी संध्याकाळ जात नव्हती. पत्नीला जाऊन सात वर्षं झाली. मुलगी लांब असते, रविवारी फोन करते, जेवलात का विचारते, मी हो म्हणतो. पाचला सुटलो की सव्वापाचला घर. तिथून झोपेपर्यंत एकट्या माणसानं करायचं काय? विभागाचे वर्ग सहा ते आठ भरतात असं वाचलं आणि अर्ज टाकला. विषय निवडला तोही आपल्याला येतोच आहे असं समजून.

पहिल्या दिवशी विद्यापीठाच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यानं मला अडवलं आणि अदबीनं सांगितलं, की पालकांची सभा शनिवारी आहे. (हसा, मीही हसलो होतो.) वर्गात मात्र तीन महिने माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. यात कोणाचा दोष? बाकावर वडिलांच्या वयाच्या माणसाला खेटून बसायला कोणाला आवडेल? ती जागा रिकामी दिसू नये म्हणून मी तिथं पिशवी ठेवायचो.

मग लघुप्रबंधाची वेळ आली. मी विषय घेतला, 'ज्यांना कोणी भेटायला येत नाही असे बंदी'. माहिती माझ्या हातातच होती. पाच वर्षांत एकही मुलाखत नसलेले एकतीस जण मी रजिस्टरातून काढले, तक्ता केला आणि वर्गासमोर ऐटीत मांडला. तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "काका, ज्यांना तुम्ही खिडकीवरून परत पाठवता, त्यांची नोंद कुठे असते?"

मी म्हटलं, त्यांची नोंद कशाला? आत सोडलं तर मुलाखत.

ती म्हणाली, "मग कोणी आलंच नाही, हे तुम्हाला कसं कळलं?"

बघून सांगतो, म्हणालो. बघायला काहीच नव्हतं. सव्वीस वर्षांत मी आत सोडलेला प्रत्येक माणूस कागदावर आहे. परत पाठवलेला एकही नाही.

तरी एकतीस जणांशी बोलायचं ठरलं होतं, ते सुरू केलं. त्यातला नववा माणूस म्हणजे आमच्या कार्यशाळेतला घड्याळजी. सहकाऱ्यांना तो माहीत आहे. पाहुण्यांसाठी सांगतो, सगळ्या बराकींतली घड्याळं तोच दुरुस्त करतो. तो म्हणाला, आपलं कोणी नाही. एक मोठी बहीण होती, तिनं आपल्याला टाकलं. अकरा वर्षांत एकदाही फिरकली नाही. मी लिहून घेत होतो. कशी होती, विचारलं, तर म्हणाला, साधी होती, बोलताना फार अडखळायची, स्वतःचं नाव सांगायलासुद्धा वेळ लागायचा तिला.

माझं पेन थांबलं.

मला ती बाई आठवली. दहा वर्षांपूर्वी, एकाच महिन्यात तीनदा आली होती. लग्नानंतरचं आडनाव वेगळं, नात्याचा कागद नाही. भाऊ आहे माझा, एवढंच सांगायचा प्रयत्न करत होती. त्याच्या नावाच्या पहिल्याच अक्षरावर अडली होती. मागं चाळीस माणसांची रांग. पहिल्या दोन वेळा मी कागद आणा म्हणालो. तिसऱ्या वेळी तिचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. नियमाप्रमाणे माझं काही चुकलं नव्हतं. पण तिला अर्ज कसा करायचा, कोणाची सही लागते, हे सांगायला मला दोन मिनिटं लागली असती.

मॅडमकडे गेलो. प्रबंधात हे घालू की नको, असं विचारलं. मॅडम म्हणाल्या, "ते तुम्ही ठरवा. पण आधी त्याला सांगा."

आठवडाभर जमलं नाही. मग एका दुपारी कार्यशाळेत गेलो आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. वाटलं होतं, अंगावर येईल. आला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं हातातला पेचकस खाली ठेवला.

"एकटीच आली होती?"

"हो."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

त्यानं पेचकस परत उचलला. मग म्हणाला, "दुकानात काही मागायचं झालं तरी तिच्या वतीनं मीच बोलायचो." आणि परत कामाला लागला.

घड्याळजीच्या खटल्याच्या जुन्या कागदांत तिचा पत्ता होता. घर बदललं होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं, आता एका इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी इस्त्री करते. सुट्टीच्या दिवशी तिथं गेलो. वाफेनं भरलेली खोली, आणि ती टेबलापाशी. मी तोंड उघडायच्या आतच तिनं मला ओळखलं आणि एक पाऊल मागं सरली. साठीच्या बाईला माझी भीती वाटत होती, मंडळी. मी अर्ज पुढे केला. साहेबांनी त्यावर आधीच सही दिली होती. तिनं तो घेतला. मग बोलायला लागली. खूप वेळ लागला. ती म्हणाली, "तुम्ही... तेव्हा... म्हणाला होतात... 'पुढे कोण आहे?'"

मी ऐकत उभा राहिलो. तेवढंच करण्यासारखं होतं.

ती लगेच आली नाही. पाच महिने गेले. मग एका गुरुवारी रांगेत दिसली. मी नाव विचारलं आणि ते पुरं होईपर्यंत थांबलो. रांगेतून कोणी काही म्हटलं नाही. काचेतून दिसत होतं, वीस मिनिटांत ती दोन-चार वाक्यंच बोलली असेल. घड्याळजीनं त्यातलं एकही मध्येच पुरं केलं नाही. नुसता तिच्या तोंडाकडे बघत बसला होता.

त्या दिवशी पाचला सुटलो. सव्वापाचला कुलूप काढलं. आनंद झाला होता आणि तो सांगायला घरात कोणी नव्हतं. रविवारी मुलगी म्हणाली, जेवलात का? मी म्हटलं, हो. हे सगळं आज पहिल्यांदा मोठ्यानं बोलतो आहे, म्हणून जरा लांबलं.

प्रबंधात मी ते घातलं. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, तो कारकून आता कुठे आहे? म्हटलं, आपल्या समोर आहे. गेल्या महिन्यापासून साहेबांनी रजिस्टरात एक रकाना वाढवला आहे: परत पाठवलेल्यांचं नाव आणि कारण. साहेब, त्याबद्दल आपले आभार मानायला शब्द अपुरे आहेत. मॅडमचे आभार. जिनं तो प्रश्न विचारला, त्या मुलीचे आभार. पुढं तीच माझ्या बाकावर बसू लागली. इतका वेळ ऐकून घेतलंत, तुम्हा सर्वांचा ऋणी आहे.

भाषणाच्या शेवटी चूकभूल माफ करा म्हणायची पद्धत आहे. या सभागृहात बसलेल्यांची माफी तर मी मागतोच. पण नवा रकाना यायच्या आधी जे परत गेले, ते किती होते, कोण होते, मला माहीत नाही. त्यांना बोलवायला माझ्याकडे एकही नाव नाही. त्यांचीही माफी मागतो, आणि बसतो.