आजी-आजोबांनाही झेपेल

सहलींची पत्रकं लिहिणारा एक जण अवघडलेली मान धरून हाडांच्या डॉक्टरांकडे नंबराची वाट बघत होता. समोर दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटीच्या पायाला प्लास्टर होतं.

“पाच दिवस डोंगर तुडवलास तेव्हा साधं खरचटलं नाही, आणि किनाऱ्यावरच्या एका दिवसाच्या सहलीत पाय मोडून घेतलास?”

“ताई, डोंगर परवडला. दमलं की बसता येतं, रात्री तंबूत पाय पसरता येतात. किनाऱ्यावर आधी वाळूत पोटऱ्या भरून येतात, मग शेवाळलेले खडक, आणि मागून भरती. बसणार कुठे?”

“मग आईला कशाला नेलंस?”

“पत्रकात लिहिलं होतं ना, ‘सोपी वाट, आजी-आजोबांनाही झेपेल.’”

त्यानं मांडीवरची पिशवी हळूच उलटी केली. तिच्यावर त्याच्या सहल कंपनीचं नाव होतं.

“कंबरभर पाण्यातून ओढत आणलं तिला. अजून नळ सोडला तरी दचकते.”

“त्या लिहिणाऱ्याला चांगला जाब विचारायला हवा.”

“त्याचं काय चुकलं? तो स्वतः चालून आल्याशिवाय थोडंच लिहील? आम्हीच कमी पडलो. आई तर रोज म्हणते, माझ्यामुळे तुझा पाय मोडला.”

“तिला काय सांगतेस मग?”

“काय सांगणार? वाट सोपीच होती ना.”

थोड्या वेळानं धाकटी त्याच्याकडे वळली.

“तुम्ही गेलायत का हो कधी तिकडे?”

मान दुखत असूनही त्यानं ती हलवली.

“नाही.”

“गेलातच तर एकटे जा. आईला नेऊ नका.”