गाळायचा शब्द

बाबांच्या मृत्यूचा दाखला घ्यायला मी महापालिकेत रांगेत उभी होते. पुढे अंबडच्या एका कारखान्यात कंत्राटावर काम करणाऱ्या दोघी जावा होत्या. धाकटी म्हणाली,

"आक्का, उद्या संविधान दिनाला उद्देशिका मी वाचणारे."

"साहेबांनी 'समाजवादी' गाळायला सांगितलंय ना?"

"मी नाय गाळणार."

"तू वाचल्यानं काय समाजवाद येणारे?"

"कायमवाल्यांचं जेवण झाल्याशिवाय आपल्याला कँटीनमध्ये घेत नाय. काम तर दोघांचं एकच हाय. हे चुकीचंय, एवढाच त्या शब्दाचा अर्थ मला कळतो."

"लय शहाणी झालीस. कामावरून काढतील."

"काढू दे."

"आणि सासूबाईंना काय सांगशील?"

"खरं काय ते सांगीन."

"मग मीपण तुझ्यासोबत वाचते. एकटीला काढणं सोपं असतं."