सांग बघू, वास कसा येतोय?

"हॅलो?… हो, बोल. फोन खांद्यात धरलाय, दोन्ही हात पिठात आहेत. जरा मोठ्यानं बोल."

थोरलीनं मान तिरकी करून फोन घट्ट दाबला. तिच्या बेकरीच्या मागच्या खोलीत भट्टी धगधगत होती. ओट्यावर पपनसाच्या सालीचा कीस बशीत वाट बघत होता आणि शेजारी तीन दिवसांत बिघडलेल्या बिस्किटांचे चार ट्रे. दालचिनी घालून झाली, बदाम घालून झाला, चॉकलेट घालून झालं. पपनसाची साल कुणाशीच बोलायला तयार नव्हती. त्यात हा धाकटीचा फोन. धाकटी दातांची डॉक्टर, बाबांजवळ राहणारी, आणि आयुष्यात चहाच्या पुढे न गेलेली.

"केक? तू केलास?… अगं, मग आधी बसते मी… संत्र्याचा? वा! साल किसलीस ना, नुसता रस नाही घातलास?… किसलीस. शाबास. किती किसलीस?… पांढरं दिसेपर्यंत?… पांढरं *स्वच्छ* दिसेपर्यंत म्हणजे?… अगं ए, ते संत्रं आहे, दात नाही! पांढरं दिसायला लागलं की थांबायचं असतं, तिथून सुरुवात नाही करायची! ते पांढरं कडूजहर असतं… सहा संत्री? सहाच्या सहा अशीच घासलीस?… अरे देवा."

तिनं हातातलं पीठ झटकलं.

"आणि जोडीला काय घातलंस? संत्र्याच्या सालीला चॉकलेट चालतं, लवंग चालते, बदाम तर पाठच्या भावासारखा… काय?… हळद?… रंग येईना म्हणून *हळद*?… किती?… नाही, चमचा कुठला? चहाचा की वाढायचा?… हसू नको गं. बाबा कसे सांगायचे? साल म्हणजे गाणारा. तिनं सूर धरायचा, बाकीच्यांनी मागून साथ करायची, पुढे धावायचं नाही. तू तर गाणाऱ्याच्या डोक्यावर ढोल फोडलास! टाक तो आधी, बाबांच्या नजरेला पडायच्या आत… काय म्हणालीस?… खाल्ला?… *बाबांनी?*"

थोरली हसायला लागली. बाबा म्हणजे चाळीस वर्षं मोठ्या हॉटेलचे मुख्य आचारी. अख्खा धंदा त्यांना 'नाकवाले' म्हणायचा. डोळे बांधून साल हुंगायला दिली, तर फळ झाडावरून कधी उतरलं तेही सांगणारा माणूस.

"मग? फेकून मारला की नुसताच अबोला?… 'छान झालाय' म्हणाले?… जा गं, काहीतरीच… दोन तुकडे?… अगं, पहिल्यांदा केलंस म्हणून तुझं मन राखलं असेल… हो, ते खरं. त्यांनी कधी कुणाचं मन राखलंय? माझ्या साखरपुड्याच्या जेवणात सासूबाईंच्या तोंडावर 'वेलची जुनी आहे' म्हणाले होते… मग?… तू खाल्लास का?… थुंकून टाकलास. आणि ते…"

हसू ओठावरच राहिलं.

"थांब. एक मिनिट थांब. आणखी काही झालंय का? नीट आठव… दूध जळलं? कधी?… सकाळी. आणि बाबा कुठे होते?… स्वयंपाकघरात? पेपर वाचत? शेगडीपासून दोन हातांवर?… भांडं काळं होईपर्यंत?… तू आंघोळीतून पळत आलीस, आणि ते म्हणाले 'काय झालं'?… बाई गं."

भट्टीची घंटा वाजली. तिनं नुसती घंटा बंद केली, ट्रे आतच राहिला.

"ऐक. मला दर गुरुवारी फोन करतात ना ते?… हो, तोच. 'आज काय किसतेयस? सांग बघू, वास कसा येतोय?' मला वाटायचं, परीक्षा घेतात माझी. मी वैतागायचे गं! एकदा तर म्हटलं, 'बाबा, लिंबाच्या सालीचा वास लिंबासारखा येतो, कामं पडलीत मला.' मग हळूच म्हणाले, 'तरी सांग ना.'… तरी सांग ना, म्हणाले… अगं, ते परीक्षा नव्हते घेत. त्यांना *येतच* नाही वास. माझ्याकडून मागून घेत होते."

थोरलीनं पपनसाच्या किसाची बशी जवळ ओढली.

"रडू नको… माझं? माझं नाक पिठानं वाहतंय… हो, डॉक्टरकडे न्यायचंच, तूच ठरव कुणाकडे. पण आधी उद्याचं बोल. उद्या अकराला त्यांना त्यांच्या जुन्या हॉटेलात बोलावलंय ना? आठ आचारी, बारा पदार्थ, सगळे त्यांच्याच हाताखाली शिकलेले. बाबा हुंगून सांगणार, नव्या मेनूत कुठला ठेवायचा… आणि हे 'येतो' म्हणून बसलेत! त्या आठ जणांसमोर असाच एखादा कडूजहर पदार्थ 'छान' म्हणाले तर? चाळीस वर्षांचं नाव एका घासात जाईल गं… नाही, तू नको विचारू. फोन दे त्यांच्याकडे. दे म्हणते ना!"

तिनं फोन हातात घेतला, नीट कानाला लावला.

"बाबा?… हो, मीच. जेवलात?… केक खाल्लात म्हणे… बरा होता? बाबा, त्यात हळद होती… चमचाभर. आणि संत्र्याचं सगळं पांढरं… बाबा?… बाबा, ऐकताय ना?… कधीपासून?"

तिनं डोळे मिटून घेतले.

"दोन वर्षं?… त्या तापापासून… चवही?… गोड तेवढं जरासं कळतं. अहो, मग सांगायचं नाही का आम्हाला?… हसू दे ना कुणाला हसायचं ते! आम्ही हसलो असतो का?… नाही, रागावले नाहीये. मी रागावले होते ते त्या दिवशी, लिंबावरून. ते आज परत घेते… काय?… आत्ता? आत्ता पपनस किसतेय."

ती थांबली. बशी उचलून नाकाशी नेली. आणि मग आजवर कधी सांगितलं नव्हतं इतकं सावकाश सांगू लागली.

"सांगते. आधी गोड येतो, फुलासारखा. लगेच मागून कडसर, ओल्या पानासारखा. मग थोडा वेळ काहीच नाही. आणि अगदी शेवटी घशाशी कुठेतरी तिखट गुदगुली… हो, शेवटी. अगदी बारीक… नाही, दालचिनीशी जमलं नाही. दोघं भांडतात… मिरी? काळी मिरी? *बिस्किटात?* बाबा, अहो… बरं, बरं, घालते. भरड?… आणि साखर कमी करून मध. थांबा हं, ठेवू नका."

फोन ओट्यावर ठेवून तिनं चार मिरे ठेचले, मधात कालवले, कीस त्यात चोळला. बोटाच्या टोकावर घेऊन हुंगलं, जिभेवर ठेवलं. मग फोन उचलून पिठाच्या पोत्यावर बसली.

"बाबा… अहो बाबा! जमलं. तीन दिवस डोकं फोडत होते मी! मिरीनं ती शेवटची गुदगुली उचलून धरलीय आणि मधानं कडसरपणाला मांडीवर घेतलंय… तुम्हाला वास नाही येत, मग कळलं कसं?… 'तू सांगितलंस की नीट.'… अहो, असं नका बोलू, पुन्हा रडवाल."

तिनं मनगटानं डोळे पुसले. गालावर पीठ लागलं.

"उद्या मी येते तुमच्याबरोबर. दुकान बंद ठेवीन. वास मी घेईन, तुमच्या कानात सांगेन, कुणाला कळणारही… काय?… कानात नाही? सगळ्यांसमोर?… तुम्ही स्वतःच सांगणार? 'नाक गेलं, लेकीला आणलंय, ती वास सांगेल, जोडी मी सांगेन'… सांगाल खरंच?… मग मी मोठ्यानं बोलेन बाबा. खणखणीत बोलेन. दहाला येते… हो, मिरीची बिस्किटं घेऊन. द्या तिच्याकडे."

ती उठली. भट्टीतला ट्रे बाहेर काढला; पार कोळसा झाला होता. आज त्याचं काही वाटलं नाही.

"हं, ऐकलंस ना सगळं?… त्यांचा निळा सदरा इस्त्री करून ठेव. आणि तो केक आता तरी टाक… का?… ताटली सोडत नाहीत?… *तिसरा* तुकडा? अगं, आता तर कळलंय ना त्यांना, कसा झालाय तो!… काय म्हणतात?"

थोरलीनं तोंडावर हात ठेवला. हसू आणि हुंदका एकदमच आले.

"'लेकीचा पहिला केक आहे, आणि तो संपवू शकेल असा या घरात मी एकटाच आहे'… असं म्हणाले?… खाऊ दे मग. खाऊ दे गं त्यांना. ठेवते मी."