चौथाई जागा मोकळी

आजच्या निवृत्ती समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कंपनीचे संचालक माननीय विनीत कर्णिक सर, सत्कारमूर्ती आदरणीय चांगदेव ओव्हाळ सर, त्यांच्या शेजारी बसून मघापासून 'आवरतं घे' असं मला डोळ्यांनी सांगणाऱ्या शकूवहिनी, खास मोहन्याहून आलेल्या सरांच्या थोरल्या भगिनी भीमाबाई, त्यांची नात रचना, आणि घोडबंदर रोडवरून वेळेत पोहोचलेल्या व अजूनही तिथेच अडकलेल्या माझ्या सर्व सहकाऱ्यांनो, सगळ्यांना नमस्कार.

मी समीक्षा सावे. सहा वर्षं सरांच्या हाताखाली काम करते आहे. मला पाच मिनिटं दिली आहेत. सरांना साधं 'हो' म्हणायलाही तेवढा वेळ लागतो, त्यामुळे थोडं मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

आधी आमच्या कामाबद्दल. शकूवहिनी चहाच्या वेळी मला म्हणाल्या, "छत्तीस वर्षं झाली लग्नाला. हे नक्की करतात काय, ते आज तरी कळू दे." तर वहिनी, आम्ही कमी ऐकू येणाऱ्यांसाठी खिशात मावेल अशी डबी बनवतो. आजूबाजूच्या गोंगाटातून ती माणसाचा आवाज वेगळा काढते आणि कानात सोडते. माणूस कुठला आणि हॉर्न कुठला, हे ती हजारो आवाज ऐकून शिकलेली असते. त्या शिकण्याला न्यूरल नेटवर्क म्हणतात. म्हणजे शेवटी कोट्यवधी गुणाकार आणि बेरजा. त्या ज्या सर्किटवर होतात, ते सर्किट सरांचं.

साधी चिप कारखान्यातून बाहेर पडली की तिच्यात बदल नाही. आमच्या चिपच्या आतल्या जोडण्या नंतरही बदलता येतात. हा हॉलच बघा ना. सकाळी इथे योगवर्ग होता, आता आपण खुर्च्या मांडून बसलोय, उद्या कुणाचं तरी बारसं आहे. नेटवर्क बदललं की आम्ही आतली मांडणी बदलतो, नवी चिप लागत नाही.

पण खुर्च्या हलवायलाही थोडी मोकळी जागा लागते की नाही? सरांचा हट्ट तिथेच. प्रत्येक डिझाइनमध्ये चौथाई जागा मोकळी सोडायची. आम्ही विचारायचो, "सर, कशासाठी?" सर म्हणायचे, "अगं, मोहन्याला आमची दहा बाय बाराची खोली. माणसं सात. तरी आई दाराजवळ एका सतरंजीची जागा मोकळी ठेवायची. गावाकडून कोण कधी येईल, काय सांगावं?" आम्ही मागे जाऊन हसायचो. हो, मीसुद्धा.

सरांचा दुसरा नियम म्हणजे ही लाल वही. डिझाइनमध्ये काही बदललं की इथे हाताने लिहायचं आणि सही करायची. कॉम्प्युटरवर सगळी नोंद असतेच, पण सर म्हणतात की हाताने लिहिताना माणूस दोनदा विचार करतो. मी एकदाही केला नव्हता, आणि तेच आज सांगायचं आहे.

तीन वर्षांपूर्वी सर चार दिवस रजेवर होते. मला डबीचा वेग वाढवून दाखवायचा होता, म्हणून त्या मोकळ्या जागेत मी गुणाकार करणाऱ्या सर्किटांची आणखी एक रांग बसवली. वहीत काय लिहिलं? वाचून दाखवते. "किरकोळ साफसफाई." खाली माझी झोकदार सही. वेग वाढला, विनीत सरांनी मला पुष्पगुच्छ दिला. तो फोटो अजून रिसेप्शनला आहे. उद्या काढलात तरी माझी हरकत नाही.

पुढच्याच आठवड्यात आम्ही डबी घेऊन मोहन्याला भीमाबाईंकडे गेलेलो. त्यांनी डबी खिशात ठेवली, तिचा इअरफोन कानात लावला आणि सरांना म्हणाल्या, "चांगो, तुझा आवाज केवढा घोगरा झालाय रे!" सगळे हसले. मग पाच वर्षांची रचना पुढे आली. "आजी!" काही नाही. पुन्हा, "आजी! आजी!" भीमाबाई तिच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत राहिल्या. पोरगी रडायच्या बेतात. त्या मला म्हणाल्या, "बाई, जिच्यासाठी घातलं तिचंच ऐकू येईना."

कारण लाजिरवाणं होतं. डबीला शिकवायला आम्ही आवाज कुणाचे घेतलेले? ऑफिसातलेच. बावीस वर्षांच्या आतला एकही नाही. त्यामुळे लहान मुलाचा बारीक आवाज म्हणजे शिट्टी, असं समजून आमची हुशार डबी तो पुसून टाकत होती.

सर म्हणाले, "मुलांचे आवाज शिकवू. नेटवर्क थोडं मोठं होईल, पण चौथाई जागा आहे की आपल्याकडे." परत येताना रिक्षात मी त्यांना खरं सांगितलं. सर मग म्हणाले, "ती रांग काढायला किती दिवस?" मी म्हटलं, आठ.

विनीत सर, त्या आठ दिवसांच्या उशिरासाठी आपण ओव्हाळ सरांना भर मीटिंगमध्ये बोललात. ते म्हणाले, "माझा अंदाज चुकला." त्यांचा अंदाज चुकला नव्हता. चूक माझी होती. मी समोरच्या खुर्चीत बसून होते आणि मी गप्प राहिले. त्याची मला आजही लाज वाटते. सर, मला माफ करा.

आठ दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. माझी ती वेगवान रांग काढून टाकल्याचं कुणाला कळलंही नाही. रचना दारात उभी होती. तिचं पहिलं वाक्य भीमाबाईंच्या कानात पोचलं, "आजी, चपला उलट्या घातल्यास!" भीमाबाईंनी पायांकडे पाहिलं आणि त्या हसता हसता रडायला लागल्या. मीही रडले, सांगून टाकते.

आता शेवटचं. पंधरा दिवसांपूर्वी ठरलं की नव्या डबीत चिप लहान घ्यायची आणि ती मोकळी चौथाई काढून टाकायची. डबी बारीक होईल, छान दिसेल. सोमवारी डिझाइन कारखान्यात जाणार. त्या मीटिंगमध्येही मी गप्प होते, कारण सरांची जागा मला मिळणार होती. सर एवढंच म्हणाले, "आता डिझाइन तुमचं, तुम्ही ठरवा."

म्हणून आज सकाळी मी वहीत लिहिलंय. या वेळी दोनदा विचार करून. "चिप तीच. चौथाई जागा मोकळी ठेवली. डबी थोडी जाड होईल." माझी सही आहे. एवढ्या मोठ्या निर्णयाला दुसरी सही संचालकांची लागते. विनीत सर, पेनही आणलंय.

नाही नाही, टाळ्या नंतर. त्यांना वाचू द्या.

झाली! तारीख पण घाला सर. धन्यवाद.

ओव्हाळ सर, ही वही आता माझ्याकडे राहील आणि मी तिच्यात खरं लिहीन. अध्यक्षांचे, शकूवहिनींचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर लहान समजून पदरात घ्या. आणि मागच्या रांगेत काही ऐकू आलं नसेल, तर पुढे येऊन भीमाबाईंना विचारा. त्यांना सगळं ऐकू आलंय.