मोज्यांचे तीन जोड

माझ्या बाळाच्या लशीसाठी मी दवाखान्यात बसले होते. शेजारी तान्हं पिल्लू मांडीवर घेतलेली एक सून होती आणि घोटा सुजलेल्या तिच्या सासूबाई.

"आई, एवढ्या थंडीत, धुक्यात धावायला जायचं काय अडलं होतं?"

"अगं, धावलं की थंडी पळते."

"थंडी पळाली आणि तुम्ही पडलात. हे बूट माझे ना?"

"तुला दिवस गेले तेव्हापासून कपाटात पडून होते. कोरे करकरीत."

"पण तुमच्या पायांना केवढे ढगळ!"

"म्हणून तर मोज्यांचे तीन जोड घातले, लोकरीचे."

"लोक अंथरूण पाहून पाय पसरतात, तुम्ही बूट पाहून मोजे वाढवलेत!"

"डॉक्टरांना सांगू नकोस हं, हसतील."

"सांगणारच. आणि रविवारची शर्यत रद्द."

"रद्द कशी? नाव दिलंय, छातीवर लावायचा नंबरही आलाय."

"या घोट्यावर धावणार?"

"मी कशाला धावू? पिशवीतला तो नंबर काढ. नाव वाच."

"अहो, हे तर माझं नाव!"

"बूट तुझे, नाव कुणाचं घालू? कोरे बूट चावतात, म्हणून महिनाभर मऊ करत होते."

"तीन जोड मोजे घालून? आता ते बूट मलाही ढगळ झाले असतील."

"मग एक जोड तुला देते."

"आणि पिल्लाला कोण घेणार?"

"मी. घोटा सुजलाय गं, मांडी शाबूत आहे."