जावयाचे चोवीस घोडे

...आणि वर मलाच म्हणतात, आयडा म्हातारी थापा मारते! मग नकाच ठेवू विश्वास. एका शब्दावर तरी ठेवून दाखवा, नाव बदलीन! पण तुम्हाला सांगते, गेल्या नाताळातल्या शर्यतीत आमच्या गावात कुणी मेलं नाही ना, ती काही देवाची कृपा नव्हती, आणि पोलिसांची तर नव्हतीच नव्हती. ती माझी भाची ग्वेंडा. बसा. बसा म्हणते ना!

मोटारसायकलींची शर्यत आमची नाताळच्या दुसऱ्या दिवशी, भर उन्हाळ्यात (आमच्याकडं दक्षिणेला नाताळ उन्हाळ्यातच येतो), गावातल्याच रस्त्यावर, दफनभूमीला वळसा घालून. जागा बघा कशी शोधलीय मेल्यांनी! भिंतीपाशी एकदम उजवं वळण, भिंतीला गवताचे भारे टेकवलेले, आणि भिंतीपलीकडं आधीचे शर्यतवाले, गप पडलेले... वाट बघत. मी तिथून जाताना मान वर करत नाही. उगाच कुणी ओळख दाखवायचा!

आता ग्वेंडाचा नवरा मर्विन. दुधाच्या गाई सांभाळणारा माणूस, अठ्ठावन्न वर्षांचा, गुडघे दोन्ही कामातून गेलेले. ह्यानं घेतली शर्यतीची गाडी. लाल. तिच्यावर बसला की जात्यावर बेडूक बसल्यासारखा दिसतो. पण कंपनीच्या कागदावर छापलेलं, दोनशे घोड्यांची ताकद! "मावशी, दोनशे!" म्हटलं, जावईबापू, बसणारा एक गाढव, त्याला दोनशे घोडे कशाला हो? तर हसला. तेव्हा हसत होता अजून.

मग नेली ती तामातीच्या शेडमध्ये. हा तामाती घोडे मोजतो. गाडी पट्ट्यांनी आवळून रोलरवर चढवायची, मागचं चाक जागच्या जागी गरगरा फिरवायचं, शेड अशी थरथरते की माझ्या कवळ्या वाजतात, आणि पडद्यावर आकडा येतो. सगळा गाव जमतो बघायला. ग्वेंडा चहाचा बंब मांडते, मी चीजचे रोल विकते, आणि घोडे मोजू नयेत हो, घोडे मोजू नयेत! मोजले की कमी भरतात!

एकशे शहात्तर.

आणि तो क्लाइव्ह, टायरच्या दुकानवाला, त्याच्या अकरा वर्षं जुन्या खटाऱ्याचे भरले होते एकशे एकोणऐंशी, तो बोललाच, "काय रे मर्विन, बाकीचे चोवीस चरायला सोडलेस का?"

तामातीनं समजावलं बिचाऱ्यानं. "काका, कंपनीवाले इंजिनापाशी मोजतात, मी चाकापाशी मोजतो. मध्ये गिअर खातो, चेन खाते. सगळ्यांचंच असं असतं." अहो, माझी शाळा चौथीपर्यंतची, मला कळलं! गोठ्यात मोजलेलं दूध आणि घरी पोचलेलं दूध कधी सारखं भरलंय का? वाटेत मांजर असतंच. पण जावयाला कळेल तर शपथ.

त्या दिवसापासून माणूस गाडीलाच चिकटला. आरसे काढले गाडीचे, वजन कमी. पाव सोडला, बटाटा सोडला, वजन कमी. पहाटे गाई हंबरतायत आणि हा दुधाच्या टँकरच्या रस्त्यावर घूं... घूं... आणि एक दिवस जेवताना ग्वेंडाला शांतपणे सांगतो कसा, "ताकद कमी आहे ना, मग ब्रेक उशिरा लावायचा. भिंतीच्या वळणावर सगळे जिथं लावतात, त्याच्या पुढं जाऊन लावणार. चोवीस घोडे तिथं भरून काढतो."

कळलं का? गाडीत नाहीत तेवढे घोडे हा छातीतून काढणार! भिंतीपलीकडच्या निम्म्या लोकांनी नेमका हाच हिशेब केला होता हो!

ग्वेंडा रडली नाही. ती रडत नसते, तेच वाईट. म्हणाली, "मावशी, त्याला दोनशे पाहिजेत. मी देते."

आता ऐका. तामातीच्या भिंतीवर एक डबी असते, हवा मोजायची. हवा गरम, दमट असली की इंजिनाला धाप लागते, मग मशीनला येते दया, ते आकडा वाढवून देतं. थंड कोरड्या दिवशी दया नाही. हे तामातीनंच चहा पिता पिता सांगितलेलं, आणि बायका चहा देताना काय बहिऱ्या असतात का? शर्यतीच्या आधी परत मोजणी होती. ग्वेंडानं काय केलं... चहाचा बंब उचलला आणि ठेवला बरोबर त्या डबीखाली. झाकण उघडं. भक् भक् वाफ! मी आपली रोल विकत उभी. मला काय माहीत! घोडे मोजू नयेत म्हणतात, पण शिजवू नयेत असं कुणी सांगितलंय?

दोनशे चौदा!

मर्विन पडद्याकडं बघतोय... आणि त्याच्या खांद्यावरून काहीतरी उतरलेलं मी डोळ्यानं बघितलं. क्लाइव्हचे दोनशे अठरा भरले ते वेगळं. बंब दिवसभर चालू होता, चहा प्यायचा होता लोकांना! गावात त्या दिवशी इतके घोडे झाले, इतके घोडे झाले...

आणि मग मी तिला बाजूला ओढलं. म्हटलं, ग्वेंडे, अगं हे सगळे आता माजून सुटले तर? भिंत पुरायची नाही गं! शर्यतीच्या दिवशी ती भिंतीपाशी उभी, हातात त्याचं जर्किन घट्ट धरून. मी शेजारी. झेंडा पडला. आवाज आला, जवळ आला, जवळ आला... मी डोळे मिटले.

आणि मर्विननं ब्रेक लावला. लांबवरच. म्हातारा शेळ्या हाकतो तसा वळला. मागून क्लाइव्ह, तोही तसाच. सगळेच! दोनशे अठरा घोडे मांडीखाली आहेत म्हटल्यावर फाटली हो प्रत्येकाची! एक भारा हलला नाही गवताचा. रुग्णवाहिकेतली पोरं पत्ते खेळली. जावई शेवटचा आला, हेल्मेट काढलं, लालबुंद, खूश. म्हणतो, "ताकद आहे ना मावशी! मग दाखवायची कशाला?"

तेव्हापासून पोटभर जेवतो. गाई सुखी.

झालं म्हणाल. कुठलं झालं! घोडे एकदा मोजले की दर वर्षी मोजावे लागतात, म्हणून म्हणते, मोजू नयेत! उद्या शर्यत. आज मोजणी. आणि तामातीला आला संशय. ग्वेंडाचा नाही, शेडचा. म्हणाला, इथली हवा कोंदट आहे, आकडे फुगतात. म्हणून सकाळी त्यानं ती डबी काढली आणि नेऊन बसवली वर... पत्र्यावर. धुराड्याला टेकून. मोकळ्या वाऱ्यात! आज खरे घोडे निघणार. एकशे शहात्तर. आणि उद्या भिंत.

ग्वेंडाला म्हटलं, पोरी, आता सांग की त्याला खरं. म्हणाली, "सांगितलं मावशी. काल रात्रीच सांगितलं, बंब, वाफ, सगळं. पोट धरून हसला. म्हणाला, तुला मशीनमधलं काय कळतं!"

तेव्हा ती बघा, ती. शेडच्या मागं. सत्तावन्न वर्षांची बाई, तोल म्हणून नाही, एका हातात उकळती किटली, आणि शिडीची तिसरी पायरी हलते. नवऱ्यानं मरू नये म्हणून हो! आता दोघांपैकी कोण आधी भिंतीपलीकडं जातंय, ते देवाला ठाऊक.

काय बघताय तोंड वासून? निघा आता, चला. शिडी मला धरायचीय.