सोडियमच्या खालचं घर

डायलिसिसच्या वेटिंगमध्ये माझ्या शेजारी पिंपळगावचं एक वयस्क जोडपं बसलं होतं. बाईंच्या हातात रक्ताचा रिपोर्ट होता.

"पोटॅशियम वाढलंय, अहो. केळं बंद, नारळपाणी बंद, मग आलं कुठून?"

"मी तर मीठसुद्धा साधं घालत नाय तुझ्या भाजीत. बीपीवाल्यांचं आणलंय, सोडियम कमी असलेलं. महिना झाला."

"तरीच कडवट लागायचं."

"मग बोलली का नाय?"

"भाजी तुम्ही केलेली, म्हणून. अहो, आवर्त सारणीत सोडियमच्या बरोबर खालच्या घरात पोटॅशियम. एका उभ्या रांगेतली सगळी स्वभावानं सारखी, खालचं फक्त जास्त तापट. सोडियम कमी केलं की त्याच्या जागी हेच घालतात."

"म्हणजे आपलं पोटॅश? द्राक्षात गोडी भरायला मी ड्रिपमधून सोडतो ते?"

"तेच. माझ्या किडन्यांना ते बाहेर टाकता येत नाही."

"म्हणजे महिनाभर मीच तुला..."

"इकडे बघा. आजपासून बंद करू, झालं."

"लय चुकलो गं."

"डोळे पुसा आधी. सिस्टर येताहेत."

"मंदाकिनीताई, पोटॅशियम एवढं कसं वाढलं? काय खाल्लंत?"

"मीठ बदललं होतं, सिस्टर. लो सोडियमचं. मीच मागवलं होतं."

"तुम्ही? तीस वर्षं केमिस्ट्री शिकवलीत ना?"

"हो. विसरले."